धाप लागणाऱ्याने चालायचे कुठे?

सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार जडलेल्या रुग्णाला डॉक्टर औषधांबरोबर ‘रोज चाला’ असे आवर्जून सांगतात. मात्र त्याने चालायचे कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. या आजारात श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. चालताना श्वासाचा वेग वाढला की आतली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, छातीत हवा कोंडत जाते आणि सपाटीवर निभावून नेणारा माणूस लहानशा चढावरही गुडघ्यांवर हात टेकून थांबतो. धाप लागेल या धास्तीने तो घराबाहेर पडेनासा होतो, पायांतले बळ ओसरते आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही दम लागतो.

अशा रुग्णाचे लक्ष अंतरापेक्षा पुढे टेकायला जागा कुठे आहे याकडे असते. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सावली मिळते आणि मागून येणाऱ्या दुचाकीची धास्ती नसते. खडेबाजारात तेवढेच अंतर त्याला जड जाते. खेड्यात देवळाचा कट्टा किंवा ओळखीच्या दुकानाची पायरी हाच त्याचा टप्पा असतो. रस्ता रुंद करताना असे कट्टे हटवले जातात तेव्हा रुग्णाची वाट तुटते, असे मला वाटते.

हवेचा वाटाही मोठा आहे. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या व्यक्तींना, त्यांत सीओपीडीचे रुग्णही होते, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल बसगाड्यांच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायला लावले. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार उद्यानातील चालण्याने फुफ्फुसांची क्षमता सुधारली, रहदारीच्या रस्त्यावर मात्र तो लाभ बराच घटला, आणि सीओपीडीच्या रुग्णांना खोकला व धाप यांचा त्रास अधिक झाला. आपल्याकडे ऊसतोडीनंतर फडातला पाला पेटवला जातो, त्या दिवसांत शेताकडचा नेहमीचा फेरफटका म्हणूनच टाळलेला बरा.

सोबतीचे बळ वेगळेच. स्पेनमधील कॅटलोनियात केलेल्या एका अभ्यासात नातवंडे सांभाळणारे आणि कुत्र्याला फिरवणारे रुग्ण इतरांपेक्षा अधिक हालचाल करताना आढळले. नातवाला शाळेत पोचवण्याचे काम आजोबांकडून काळजीपोटी काढून घेण्यापूर्वी घरच्यांनी याचा विचार करावा.

खानापूरच्या बाजूला पावसाची झड लागली की बाहेर पडणेच खुंटते. तेव्हा ओसरीवर सावकाश फेऱ्या घालता येतात, मात्र चूल जवळ असेल तर स्वयंपाक आटोपून धूर पुरता निघून गेल्यावरच.