बिनपायाचे ते सगळे साप नव्हेत

पावसाचा जोर वाढला की पाटण, जावळी, महाबळेश्वरकडून व्हॉट्सअॅपवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. काळपट, ओलं, वळ्यावळ्यांचं, वीतभर लांबीचं काहीतरी. खाली ओळ, 'दुतोंड्या सापाचं पिल्लू, विषारी, दिसताच मारा'. बऱ्याचदा तो साप नसतोच, देवगांडूळ असतो. नावात गांडूळ असलं तरी याला पाठीचा कणा, जबडा आणि दात आहेत. हा बेडकाचा भाऊबंद. २००४ साली कोयनेजवळच्या हुंबरळीतून याच्या एका नव्या जातीची नोंद झाली: इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस.

बेडकाचा भाऊबंद हे ठरवलं कशावरून? आकारावरून तर नक्कीच नाही. माती उकरत राहणाऱ्याला पाय अडचणीचेच, म्हणून लांब अंग, बारीक डोळे आणि पाय गायब ही घडण निरनिराळ्या कुळांत आपापली झाली. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली यावर ठाम नियम मांडला: नुसतं साम्य मोजू नका, एकाच पूर्वजात नव्यानं आलेली लक्षणं मोजा.

करून बघू. बेडूक, देवगांडूळ, पाल आणि वाळा (गांडुळासारखा दिसणारा छोटा साप) हे चार घ्या. तुलनेला बाहेरचा पाचवा, कृष्णेतला मरळ मासा. मरळासारखं असेल ते जुनं, त्याला ०. बदललेलं ते नवं, त्याला १. लक्षणं सहा. पाय किंवा जोडीचे पर नसणं: देवगांडूळ १, वाळा १, बाकी ०. कातडीच्या वरच्या थरातून बनलेले केराटिनचे (नखांसारख्या द्रव्याचे) खवले, गर्भाभोवती पाण्याची पिशवी आणि अवस्कराचं (मल-मूत्राची एकच वाट) आडवं छिद्र: तिन्ही पाल आणि वाळ्यात. दाताचा माथा आणि बूड यांच्यात मऊ सांधा, आणि आतल्या कानात फक्त उभयचरांकडे असलेला संवेदी पेशींचा पुंजका: दोन्ही बेडूक आणि देवगांडुळात.

आता वंशवृक्ष मांडा. बेडूक-देवगांडूळ एका फांदीवर आणि पाल-वाळा दुसऱ्या फांदीवर ठेवले, तर पाय दोनदा गेले असं धरावं लागतं. उरलेली पाच लक्षणं एकेकदाच आली. एकूण बदल ७. उलट देवगांडूळ आणि वाळा सख्खे मानले, तर पाय एकदाच गेले. पण बाकीच्या पाचांपैकी प्रत्येक लक्षण दोनदा वेगवेगळं यायला हवं, नाहीतर एकदा येऊन एका फांदीवर पुसलं जायला हवं. एकूण ११. कमी बदलांचा वृक्ष धरायचा. चार प्राण्यांचं हे कागदावर जमतं. दहा प्राणी घेतले की शक्य वृक्ष ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ होतात, तिथे संगणकच हवा.

चुका होतात त्या या ० आणि १ च्या तक्त्यात. 'खवले आहेत' एवढंच लिहिलं की घोटाळा: काही देवगांडुळांच्या वळ्यांतही बारीक खवले दडलेले असतात, पण ते कातडीच्या आतल्या थरातले, माशाच्या धाटणीचे. वाळ्याच्या खवल्यांशी त्यांचं मूळ जुळत नाही. बेडकाऐवजी भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) घेतला तर त्याला दातच नाहीत, तेव्हा दाताच्या सांध्यापुढे ० नव्हे, प्रश्नचिन्ह टाकायचं. मरळाऐवजी वाम (सापासारखा लांबट मासा) घेतली तर तिला मागचे जोडपर नसल्यानं पायांचा हिशेबच गढूळ होतो. म्हणून आता डीएनएच्या क्रमांचीही जोड देतात, पण अक्षरं चारच असल्यानं योगायोगानं जुळण्याचा धोका तिथेही आहेच.

मांडूळ, म्हणजे लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात तो साप, पकडल्याच्या बातम्या साताऱ्या-सांगलीत येतच असतात. त्याचं 'दुसरं तोंड' म्हणजे बोथट शेपूट. अवस्कराचं छिद्र शोधा. त्याच्या मागे उरते ती शेपूट, तिथे ना जबडा ना डोळा. गुप्तधन दाखवणारा साप म्हणून तो विकत घेणाऱ्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मात्र नक्की भेटतो.

बांधावर असा जीव दिसला तर दहापट भिंग पुरतं. अंगभर एकमेकांवर चढलेले चकचकीत खवले आणि शेपटीला बारीक काटा असेल तर वाळा. कातडी ओली, गुळगुळीत, वळ्या पडलेली, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये इवलासा स्पर्शक आणि छिद्र जवळजवळ टोकाशीच असेल तर देवगांडूळ. जबडाच नसेल तर साधं गांडूळ. हात लावायचाच तर आधी पाण्यानं ओला करा, कोरड्या हातानं देवगांडुळाची कातडी सुकते. डोक्याचा बाजूनं एक आणि शेपटीच्या टोकाचा खालून एक, असे दोन फोटो काढून त्याला होता तिथेच सोडा.