मेडिकलची मुलं आणि ‘घट्ट मन’

‘डॉक्टर होणाऱ्यांना कसलं आलंय डिप्रेशन?’ हे वाक्य करोनाच्या आधीपासून फिरतंय. वाटणं साहजिक आहे. जो इतरांना बरं करणार, तो स्वतः कसा खचेल?

पण आजाराची माहिती म्हणजे आजारापासून संरक्षण नव्हे. मधुमेहाच्या डॉक्टरांनाही मधुमेह होतो. २०१६ साली ४३ देशांतल्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा सुमारे २७ टक्के मेडिकल विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली. अशांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते.

मग २०२० आलं. वॉर्ड सुटला, हातात मोबाइल. हजेरी लागलेली, कॅमेरा बंद, वहीच्या पानावर नुसती तारीख. याला आळस म्हणायची घाई नको. लक्ष न लागणं हेही नैराश्याचं लक्षण असू शकतं; पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत त्यावर स्वतंत्र प्रश्नच आहे. मागच्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरं द्यायची, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज १० किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना भेटायचं. निदान तेच करतील. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. तिथे शून्य नसेल, तर बेरजेसाठी थांबू नका. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही मोफत बोलता येतं.