खापरं गोळा करणारी माणसं

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि मराठवाड्यात ‘रोहिण्या निघाल्या’ असं म्हणतात. याच २५ मेला जगात बऱ्याच ठिकाणी ‘गीक प्राइड डे’ साजरा होतो. एखाद्या विषयात नखशिखांत बुडालेली माणसं त्या दिवशी आपला छंद उजळ माथ्याने मिरवतात. प्रथा तशी ताजी आहे, २००६ साली स्पेनमध्ये सुरू झाली. तारीख निवडली ती २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता म्हणून. ‘गीक’ ही मुळात शिवीच. त्याचं मूळ जर्मन वळणाच्या जुन्या बोलींत आहे आणि तिथे त्याचा अर्थ खुळा असा होता. पुढे अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दाताने तोडून दाखवणाऱ्या माणसाला हे नाव पडलं. संगणकाचा जमाना आला आणि ज्यांना हा शब्द चिकटवला होता त्यांनीच तो अभिमानाने लावून घेतला.

आपल्याकडे अशा माणसाला सरळ ‘येडं’ म्हणतात. जरा माया असेल तर ‘नादी’ म्हणतात, आणि शिकलेल्या घरात ‘छांदिष्ट’. शब्द मात्र मोठे सुंदर आहेत. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे ध्यास. छंद म्हणजे कवितेचं वृत्त आणि छंद म्हणजे मनाची ओढ. यांच्या जोडीला निजामी राजवटीतून आलेला ‘शौक’ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हा शब्द इथे पाहुणा वाटत नाही. पण शौक हा शब्द ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच वाट्याला यायचा. नवाब जफर जंग यांना तारे बघायची ओढ होती. त्यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ साली हैदराबादेत वेधशाळा उभारली. त्यांच्यामागे ती निजाम सरकारने चालवायला घेतली, आणि आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिथून लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. नवाबाचा तो शौक ठरला. तेच आकाश पाहत रात्रभर माळवदावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला गाव काय म्हणायचं, ते सांगायला नकोच.

म्हणून मराठवाड्यातल्या छंदाच्या अभिमानाची सुरुवात मी तेरपासून मानतो. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव सगळ्यांना गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक आहे. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवणाऱ्या कुंभाराच्या गावात ठिकठिकाणी जुनी खापरं निघावीत, हा योग मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, तिच्यात ‘तगर’ नावाची मोठी बाजारपेठ येते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून कापड गाड्यांत लादून भडोचच्या बंदराकडे जायचं. हे तगर म्हणजेच तेर, असं १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने दाखवून दिलं. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केलं.

या तारखांच्या मधल्या काळात गावातच एक माणूस काम करत होता. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात वर येणाऱ्या वस्तू ते जमा करत गेले. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडक्या भिंती मिसळून ती फिकी झालेली असते, आणि कसदार म्हणून ती गाड्या भरभरून रानात नेऊन टाकायची जुनी रीत होती. तिच्याबरोबर मणी, नाणी आणि मातीच्या बाहुल्याही रानोमाळ जायच्या. लामतुऱ्यांनी त्या अडवल्या. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या स्त्रीमूर्ती, रोमन धाटणीचे दिवे, सातवाहनांची नाणी असा हजारो वस्तूंचा साठा जमला. पुढे तो शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभं राहिलं.

त्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला मी दोनदा गेलो आहे. वीतभरही नाही ती. अंगावर दागिन्यांचा भार, आणि प्रत्येक सर वेगळा कोरलेला. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. अभ्यासक तिची तुलना ज्या मूर्तींशी करतात, त्यांत ही तेरची आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेली अशा दोन मूर्ती येतात. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडली गेली, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. तेरची मूर्ती जर कोणी पोराला खेळायला देऊन टाकली असती, तर हा धागा आपल्या बाजूने तुटलाच असता. गावात खापरं वेचणाऱ्या माणसाचं मोल मी यावरून करतो.

मीही लहानपणी खापरं वेचायचो. एकदा बांधावर शिशाचं काळपट नाणं सापडलं, बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसरीकडे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोल. त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आजी मात्र करवादली होती, “कामून ही घाण गोळा करायलास रं? पोट भरणारंय का त्यानं?”

तिचा प्रश्न सबंध मुलखाचा होता आणि तो खोटा नव्हता. ज्या भागात दर काही वर्षांनी दुष्काळ येतो, तिथे ज्याचं पीक येत नाही त्याला कोणी रान देत नाही. पुढे शिक्षणाची वाट खुली झाली, तेव्हा प्रश्न तोच राहिला, फक्त पोटाच्या जागी मार्क आले. लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यांतली पोरं डॉक्टर-इंजिनियर केली, हे मोठंच काम आहे. त्या वेळापत्रकात छंदाला तास नव्हता, हेही तितकंच खरं.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवरची वजनदार माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. बाहेरच्या जगाशी बोलायची साधनं आधीच तोकडी होती, तीही कोलमडली. तेव्हा मदतीला आलेल्यांत हॅम रेडिओवाले होते. ही हौशी बिनतारी मंडळी. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारं आपलं संकेतनाव घ्यायचं, आणि घरच्या खोलीत बसून परमुलखातल्या अनोळखी माणसाला हाक मारायची. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, हा रात्री खरखर ऐकत बसतो. या यंत्राला लागतं किती, तर गाडीची एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचं तर ती साधारण २० मीटर लांब हवी, मधोमध कापून तिथून केबल खाली आणलेली. लहरी वर आयनांबरावर, म्हणजे हवेच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावर, आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात, मध्ये टेलिफोनचा एकही खांब लागत नाही. तारेची ही लांबी ज्याने हौसेखातर शंभरदा मोजलेली असते, त्याला ती अंधारातही बांधता येते. किल्लारीच्या आठवणींत या माणसांना फार थोडी जागा मिळते, याचं मला वाईट वाटतं.

त्यानंतरचं चित्र भराभर बदललं. छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएममध्ये खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र उभं राहिलं. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांसह केंद्र सरकारची मंजुरी मिळालेला हा प्रकल्प. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेझर किरण फिरणार, आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी पडणारा फरक टिपला जाणार. ज्योतिर्लिंगाच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांमध्ये आता पोरं एकमेकांना गुरुत्वीय लहरी समजावून सांगताना मी ऐकलीत, आणि त्यांच्या आया त्यांना गप्प करत नाहीत.

माझ्या आजीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण पावसाची सगळी नक्षत्रं ओळीने पाठ होती. रोहिणी, मग मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, आणि कोणाचं वाहन यंदा बेडूक, कोणाचं म्हैस, हे ती पाडव्याला पंचांग ऐकून डोक्यात ठेवायची. वर्ष संपेपर्यंत तिची एक तारीख चुकायची नाही. शेजारच्या बाया विचारायला आल्या की ती हातातली भाकरी परातीत ठेवायची, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि सांगायची, “उत्तरा परवा निघत्यात. त्यांचं वाहन हत्ती हाय.”