रिव्हर्स घेताना खांब लागला: आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम कोणाला मिळतो आणि कसा करायचा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगच्या एका खांबावर तीन-चार गाड्यांचे रंग लागलेले आहेत. त्यातला चंदेरी माझा. कोणाला लागलं नाही, फक्त मागचा बंपर फुटला. अशा वेळी ‘चूक आपलीच, मग विमा कंपनी कशाला पैसे देईल?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. चूक आपली असली तरी क्लेम मिळतो. पॉलिसी मात्र त्या प्रकारची हवी.

आधी पॉलिसी उघडा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याचं नुकसान भरून देतो, आपल्या बंपरसाठी एक रुपया देत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ लागतो, एकत्रित पॉलिसीतला किंवा स्वतंत्र घेतलेला. इथे अनेक जण फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण सोबतचा ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी मालक ‘विमा चालू आहे’ म्हणून निर्धास्त, आणि कामाचा भाग संपलेला. दोन्हींच्या तारखा वेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा.

आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि पॉलिसी एकाच नावावर हवी. जुनी गाडी घेतली असेल, तर मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. गाडी मेहुणा चालवत होता तरी हरकत नाही, त्याचं लायसन्स वैध हवं. शिकाऊ लायसन्सवाला असेल तर एल बोर्ड आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. दारू पिऊन चालवली किंवा खासगी गाडी भाड्याने फिरवली, तर विषय संपला. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीतही असू द्या.

क्लेम करावा का?

माझ्या मते अर्जापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा. समजा बिल ९,००० झालं: बंपर ४,०००, रंगकाम ४,०००, मजुरी १,०००. प्लास्टिकच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत म्हणून कापतात), म्हणजे २,००० गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के, म्हणजे आणखी ५०० कमी. उरले ६,५००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण भरायचा वाटा, १,००० रुपये (त्यावरच्या कारला २,०००). हातात ५,५००.

आता दुसरी बाजू. पाच वर्षं क्लेम न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, मग २०, २५ असा पुन्हा चढतो. मूळ हप्ता ८,००० धरला, तर पाचव्या वर्षी क्लेम करणाऱ्याचे पुढच्या वर्षी ४,००० आणि त्याच्या पुढच्या वर्षी २,४०० जास्त जातात. दोन वर्षांत ६,४००, मिळाले ५,५००! मी क्लेम न करता डेंटरकडे गेलो. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं) किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घेतलेलं संरक्षण, असेल, तर गणित बदलतं. हेडलाइट, दरवाजा, डिकी असं मोठं काम असेल तर क्लेम करावाच.

अर्ज कसा करायचा

गाडी हलवण्याआधी फोटो काढा, नंबर प्लेट आणि खांब एकाच फ्रेममध्ये येतील असे. मग लगेच कंपनीच्या ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घ्या. कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी होण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ‘साहेब, तासाभरात करून देतो’ म्हटलं तरी थांबा. बेसमेंटच्या रॅम्पवर खालून ठोकर बसून ऑइल गळत असेल, तर गाडी टो करून न्या. तशीच दामटली आणि इंजिन बसलं, तर तो खर्च कंपनी नाकारते.

कागद थोडेच लागतात: सही केलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, गॅरेजचं एस्टिमेट आणि केवायसीसाठी पॅन किंवा आधार. डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स वैध मानली जातात. कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये कॅशलेस होतं, तिथे वजावट आणि घसारा तेवढा भरायचा. इतरत्र केलं तर बिल, पावती आणि रद्द केलेला चेक द्यावा लागतो. फक्त आपलीच गाडी घासली असेल तर एफआयआर सहसा मागत नाहीत. कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याची मालमत्ता मोडली, तर पोलिसांना कळवा.

फॉर्मवर घडलं तेच लिहा. वाशी स्टेशनबाहेरचा मागच्या महिन्यातला ओरखडा आजच्या पोच्यासोबत खपवायचा मोह होतो, पण गंज आणि धूळ सर्व्हेअरला लगेच दिसते. वेगळी घटना म्हणजे वेगळा क्लेम, वजावटही वेगळी.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.