समेटाची सेवा

युद्ध, यादवी किंवा वंशसंहार यांनी दुभंगलेल्या समाजात मनाच्या जखमा भरून याव्यात, अपराध्याने अपराध कबूल करावा आणि जमेल तिथे क्षमा व्हावी, यासाठी ख्रिस्ती मंडळ्या, धर्मसंघ व संस्था जे कार्य करतात त्याला समेटाची सेवा म्हणतात. अन्न, औषधे व निवारा पुरवणारी माणसे पुष्कळदा तीच असल्याने मदतकार्याशी तिची गल्लत होते. तिचा खरा विषय मात्र शेजार हा आहे. ज्याने घरातली माणसे मारली तो शिक्षा भोगून त्याच गावात परतला, तर त्याच्या शेजारी राहायचे कसे?

या सेवेचा शास्त्राधार बायबलमधील प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. देवाने ख्रिस्ताद्वारे जगाशी समेट केला आणि तीच सेवा आपल्याकडे सोपवली, असे तो पाचव्या अध्यायात म्हणतो. साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची येशूची शिकवणही नेहमी सांगितली जाते. प्रत्यक्ष कामात मात्र विलापाची स्तोत्रे अधिक उपयोगी पडतात. ज्याचे सर्वस्व गेले त्याला आधी देवापुढे आक्रोश करण्याची मुभा हवी असते. क्षमेची वचने त्या वेळी टोचतात.

आधुनिक काळातील सर्वांत परिचित उदाहरण इंग्लंडमधील कोव्हेंट्रीचे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी केलेल्या बाँबहल्ल्यात शहरातील ५०० हून अधिक माणसे मेली आणि मध्ययुगीन कॅथेड्रल जळून गेले. ढिगाऱ्यात सापडलेल्या छताच्या जुन्या खिळ्यांपासून एक क्रूस करण्यात आला. युद्ध अजून चालूच होते, तरी त्याच वर्षीच्या नाताळात कॅथेड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी रेडिओवरून सूडाची भावना बाजूला ठेवण्याचे आवाहन केले. पुढे भग्न वेदीमागच्या भिंतीवर त्यांनी ‘हे बापा, क्षमा कर’ एवढेच कोरून घेतले. येशूने क्रूसावर केलेल्या मूळ प्रार्थनेतले ‘त्यांना’ जाणून गाळले होते, म्हणजे दोषी ठरवून वेगळा काढलेला कोणी उरला नाही. खिळ्यांचे क्रूस नंतर कील, ड्रेस्डेन, बर्लिन अशा बाँबहल्ल्यांत होरपळलेल्या जर्मन शहरांनाही देण्यात आले.

जर्मनीच्या बाजूने १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट येथे नाझी काळातील अपराधाची कबुली दिली. ती मोघम होती, तरी देशात त्यावर संताप उसळला. १९५८ मध्ये लोथार क्रायसिग या न्यायाधीशांच्या पुढाकाराने प्रायश्चित्ताची खूण म्हणून श्रमदान करणारी संघटना उभी राहिली. तिचे तरुण ज्या देशांना जर्मनीने छळले तिथे जाऊन बांधकामे करू लागले. १९६५ मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना ‘आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो’ असे पत्र लिहिले. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने त्याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठवली.

आफ्रिकेत हे काम फार खडतर ठरले, कारण तिथे चर्च स्वतः आरोपी होते. १९९४ च्या रवांडातील वंशसंहारात आसऱ्याला आलेल्या तुत्सी जमातीच्या लोकांची हुतू जमातीच्या मारेकऱ्यांकडून कत्तल अनेक चर्चमध्येच झाली. न्यांगे येथे किमान १५०० माणसे आत असताना चर्चची इमारत बुलडोझरने पाडण्यात आली आणि या प्रकरणी तिथल्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. अशा ठिकाणी व्यासपीठावरून क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला उरतो? ज्या मंडळ्यांनी आधी स्वतःचे पाप उघडपणे मान्य केले, त्यांच्याच शब्दाला पुढे वजन आले.

रवांडातील काही शिबिरांची पद्धत साधी आहे. हुतू व तुत्सी एकत्र बसतात, छोट्या गटांत आपापले दुःख सांगतात आणि ते कागदावर लिहितात. मग एकेक जण उठून आपला कागद लाकडी क्रूसावर खिळ्याने ठोकतो. बराच वेळ हातोड्याचा आवाज चालू राहतो. शेवटी क्रूस बाहेर नेऊन कागद जाळले जातात. याशिवाय, सुटून आलेल्या गुन्हेगारांनी पीडितांसोबत घरे बांधायची आणि एकाच वस्तीत राहायचे, असे ख्रिस्ती संस्थांचे उपक्रमही तिथे आहेत.

मोझांबिकमध्ये १९९२ ला रोम येथे झालेल्या शांतता करारात सान्त एजिदियो या कॅथलिक समुदायाने मध्यस्थी केली. तीन वर्षांनी तिथल्या ख्रिस्ती परिषदेने लपवलेली हत्यारे आणून देणाऱ्याला कुदळ, सायकल किंवा शिवणयंत्र देण्यास सुरुवात केली. कापलेल्या बंदुकांपासून कलाकारांनी शिल्पे केली. त्यांतली एक खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सत्य सांगण्याची किंमत मध्य अमेरिकेतील ग्वातेमालात दिसली. यादवीतील अत्याचारांच्या हजारो साक्षी चर्चने गावोगाव फिरून नोंदवल्या. बिशप हुआन हेरार्दी यांनी तो अहवाल २४ एप्रिल १९९८ रोजी प्रसिद्ध केला आणि दोनच दिवसांनी त्यांची हत्या झाली.

या सेवेवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा की, पीडितावर क्षमेची सक्ती होते. क्षमा न करणारी विधवा ‘कमी विश्वासाची’ ठरते आणि गुन्हेगार मात्र एका प्रार्थनेत मोकळा होतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढलेले अँग्लिकन धर्मगुरू मायकेल लॅप्सली यांचे दोन्ही हात व एक डोळा १९९० मध्ये टपालातून आलेल्या बाँबने गेले. पुढे केप टाउनमध्ये स्मृतींच्या उपचारासाठी संस्था काढणारे हेच लॅप्सली सांगतात की, बाँब पाठवणारा पुढे आलाच नाही, तर क्षमा करायची कोणाला? शिवाय चोरलेली सायकल परत न करता मागितलेली माफी त्यांना पुरी वाटत नाही.

भारतात नागालँडमध्ये बाप्टिस्ट चर्चने सरकार व नागा बंडखोर यांच्यातील १९६४ च्या शांती मोहिमेसाठी पुढाकार घेतला. जयप्रकाश नारायण तिचे सदस्य होते. पुढे नागा बंडखोरांच्या गटागटांतच रक्तपात सुरू झाल्यावर २००८ मध्ये धर्मशिक्षक वाती आयर यांच्या नेतृत्वाखाली नागा समेट मंच स्थापन झाला आणि जून २००९ मध्ये भूमिगत गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारावर सह्या केल्या. आपसांतल्या हत्या त्यानंतर बऱ्याच कमी झाल्या. गटांचे एकत्र येणे मात्र लांबतच गेले.