उतरणीवरचे घर्षण आणि उष्णतेचा हिशेब : पार्श्वभूमी

उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याची जेवढी स्थितिज ऊर्जा कमी होते तेवढी गतिज ऊर्जा त्याला तळाशी मिळत नाही, कारण उरलेली ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते, हे आज शालेय पाठ्यपुस्तकातले विधान आहे. ते प्रस्थापित होण्यास मात्र दोनशेहून अधिक वर्षे लागली. या विलंबाचे मोठे कारण, माझ्या मते, उतरण, घर्षण आणि उष्णता यांचा अभ्यास बराच काळ तीन वेगळ्या वाटांनी चालला, हे आहे.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिलेल्या प्रयोगात तिरक्या फळीतील खाच गुळगुळीत करून तिला चर्मपत्राचे अस्तर लावले होते आणि तीवरून काशाचा गुळगुळीत गोळा सोडला होता. म्हणजे गतीचा नियम स्पष्ट दिसावा यासाठी घर्षण शक्य तितके दूर ठेवणे हाच त्याचा प्रयत्न होता. उंची तेवढीच असेल, तर उतार कितीही असला तरी तळाचा वेग सारखाच, हे त्याचे गृहीतक पुढे ऊर्जा अक्षय्यतेच्या, म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते या विचाराचे बीज ठरले. लायब्निट्झने १६८६ मध्ये वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला गतीचे खरे माप मानले. आघातात हे माप कमी झालेले दिसते याचे त्याने दिलेले उत्तर विलक्षण दूरदर्शी होते : मोठ्या नाण्याची मोड करावी तसे ते पदार्थाच्या सूक्ष्म कणांत विखुरले जाते, नष्ट होत नाही. त्या विखुरण्याचा उष्णतेशी असलेला संबंध मोजून दाखवण्याचे साधन मात्र तेव्हा नव्हते.

घर्षणाचे नियम दुसरीकडेच आकाराला येत होते. आमोंताँने १६९९ मध्ये घर्षणबल पृष्ठभागावर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असल्याचे मांडले, तर कूलाँने १७८० च्या दशकात त्याचा अधिक सखोल प्रायोगिक अभ्यास केला. त्यांचा भर बलावर होता, उष्णतेवर नव्हता. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, ही समजूत त्या काळी प्रबळ होती. तोफांच्या नळ्या कोरताना उष्णता जणू अखंड निघत राहते, हे म्युनिकमध्ये पाहून रम्फर्डने १७९८ मध्ये या समजुतीला जोरदार धक्का दिला.

निर्णायक काम जेम्स जूलचे. त्याने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवली. वजने वीस वेळा सोडूनही पाण्याचे तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट वाढे, आणि म्हणून त्याने अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचता येणारे तापमापक वापरले. जमिनीवर टेकताना वजनांत जो थोडा वेग उरे, त्याचा वाटाही त्याने हिशेबातून वजा केला. १८५० मध्ये त्याने जाहीर केलेले मूल्य असे : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवण्यासाठी ७७२ पौंड वजन एक फूट खाली येण्याइतके कार्य लागते. घर्षण म्हणजे यांत्रिक शक्तीचे उष्णतेत रूपांतर, हे त्याच निबंधातले विधान परीक्षक समितीच्या इच्छेवरून गाळावे लागले, यावरून हा विचार किती कठीणपणे स्वीकारला गेला ते दिसते. दरम्यान १८४२ मध्ये मायरने आणि १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झने ऊर्जा अक्षय्यतेचे व्यापक तत्त्व मांडले होते.

या तीन वाटा एकत्र आल्यावर उतरणीचे गणित सोपे होते. घर्षणबल म्हणजे घर्षण गुणांक (दोन पृष्ठभागांत घर्षण किती, हे सांगणारी संख्या), वजन आणि उतरणीच्या कोनाची कोज्या (कोसाइन) यांचा गुणाकार. त्याला उतरणीच्या लांबीने गुणले की निर्माण होणारी उष्णता मिळते. लांबी गुणिले कोज्या म्हणजे उतरणीचा आडवा पाया, म्हणून गुणांक तोच असेल तर उष्णता केवळ वजनावर आणि पायाच्या लांबीवर अवलंबून राहते, उंचीवर नाही. पण घर्षण इतके असेल की लोखंडी ठोकळा एकसमान वेगाने एक मीटर उंचीवरून घसरत येईल, तर त्याची कमी झालेली सगळी स्थितिज ऊर्जा उष्णतेतच जाते; म्हणजे दर किलोग्रॅममागे सुमारे ९.८ जूल (जूल हे ऊर्जेचे एकक) उष्णता निर्माण होते आणि ती सगळी ठोकळ्यातच राहिली तरी त्याचे तापमान फक्त सुमारे ०.०२ अंश सेल्सिअसने वाढते. एवढी अल्प वाढ मोजण्याची कोणतीही सोय गॅलिलिओपाशी नव्हती.