ग्लुकोज संपल्यावर ई. कोलाय का थबकतो?

ग्लुकोज आणि लॅक्टोज एकाच फ्लास्कमध्ये घालून त्यात ई. कोलाय हा जिवाणू सोडला, तर तो दोन्ही साखरा एकदम खात नाही. आधी ग्लुकोजचा फडशा पाडतो. मग वाढ थांबते, आलेख बराच वेळ आडवा पडतो आणि त्यानंतर लॅक्टोजवर दुसरी चढण लागते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांच्या १९४१ च्या पॅरिसमधल्या प्रबंधात असे दुहेरी आलेख आहेत. त्यांचा छडा लावता लावता १९६१ मध्ये ऑपेरॉनची, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची, कल्पना आली आणि १९६५ मध्ये नोबेलही.

लॅक्टोज फोडायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लागतं आणि ते चांगलंच महाग आहे. त्यात चार सारख्या साखळ्या, प्रत्येकीत हजाराहून जास्त अमिनो आम्लं. एकेक अमिनो आम्ल साखळीत ओवायला साधारण चार एटीपींइतकी (एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन) ऊर्जा जाते, म्हणजे एका विकरामागे सोळा हजारांच्या वर. लॅक्टोजवर जोमात वाढणाऱ्या पेशीत अशी विकरं हजारोंनी असतात. खरा तोटा मात्र ऊर्जेचा नाही, रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रांचा आहे: जे रायबोसोम हे विकर घडवण्यात अडकले, ते नवे रायबोसोम घडवायला मोकळे राहत नाहीत आणि वाढ मंदावते. म्हणून ग्लुकोज असेपर्यंत या विकराचं जनुक जवळपास बंद.

रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतो, तेव्हा एक साखळी मिनिटभरात तयार. मग इतका खोळंबा कशाचा? लॅक्टोज आत घ्यायला पर्मीएज नावाचं दारच हवं, आणि ते दार घडवण्याचा हुकूम सुटतो तो लॅक्टोज आत आल्यावर! शिवाय ग्लुकोज असताना असलेली दारंही अडवली जातात. जनुक बंद असतानाही किंचित गळतं, चुकूनमाकून दोन-चार विकरं नि दारं बनतात. ग्लुकोज संपल्यावर त्यांच्याच आधारावर गाडी हलते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सहज दिसतं. २५० मिलि फ्लास्कमध्ये ५० मिलि एम-९ माध्यम (नुसत्या क्षारांचं द्रावण), लिटरला ०.५ ग्रॅम ग्लुकोज आणि १.५ ग्रॅम लॅक्टोज. ३७ अंश सेल्सिअस, शेकर २०० फेऱ्यांवर. विरजण, म्हणजे सुरुवातीला घालायचे जिवाणू, ग्लुकोजवर वाढवलेलं घ्यायचं. दर १५ मिनिटांनी ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा (म्हणजे जिवाणू किती वाढले ते) मोजायचा, ०.४ च्या वर गेला की नमुना पातळ करून. पहिला टप्पा ०.६ च्या आसपास थांबायला हवा.

फसतं कुठे? ग्लुकोज दहापट घातलं तर ऑक्सिजन अपुरा पडतो, ॲसिटिक आम्ल साचतं आणि भलत्याच कारणाने वाढ अडते. न्यूट्रिएंट ब्रॉथ वापरलं तर जिवाणू अमिनो आम्लांवर ताव मारतो, मधला सपाट टप्पा पुसट होतो. विरजण लॅक्टोजवरचं असेल तर विकर पेशीत आधीच भरलेलं असतं, थबकणं जवळपास दिसतच नाही. माध्यमातलं कॅल्शियम हे फॉस्फेटच्या क्षारांसोबतच ऑटोक्लेव्ह केलं तर साका येतो आणि जिवाणू नसतानाही वाचन चढतं. ते नंतर, वेगळं निर्जंतुक करून घालावं. आणि फ्रीजमध्ये डीएच-५-अल्फा हा ई. कोलायचा वाण हाताशी आहे म्हणून तोच वापरला, तर दुसरी चढण येणारच नाही: क्लोनिंगसाठीच्या त्या वाणात लॅक्टोज फोडणारं जनुक मुद्दाम तोडलेलं असतं.